शुभ्र आणि फटक

‘‘बाकीचे मागाहून संगणकावर बघून घेऊ!’’ लग्नाच्या मांडवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, दिंडीच्या वाटेवर, जिथे म्हणून हल्ली चार छायाचित्रकार जमतात तिथे हे वाक्य कानावर पडल्यावाचून राहत नाही. म्हणणाऱ्याचा भरवसा असा की, उजेड कसाही असो, कॅमेऱ्यात तो कसाही शिरो, घरी जाऊन पडद्यापुढे बसले की सगळे जागच्या जागी आणता येते. माझा या वाक्याशी उभा दावा आहे. दावा मांडायचा तर प्रथम हे कबूल केले पाहिजे की, वाक्य निम्मे खरे आहे. अंधारातले मागाहून बघून घेता येते. उजेडातले येत नाही. एवढा एक फरक ज्याला उमगला नाही त्याच्या हातात दोन लाखांचा कॅमेरा असला काय आणि वीस हजारांचा फोन असला काय, काढलेल्या चित्राची गत एकच होते.

मी चित्रकलेचा मास्तर आहे. शिक्षण विचाराल तर मॅट्रिक, म्हणजे आताची दहावी, आणि त्यावर चित्रकलेचा कोर्स. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. विज्ञानाच्या पदवीधरांपुढे प्रकाशाविषयी बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असे कुणी विचारील. अधिकार इतकाच की, वीस वर्षे मी पोरांना जलरंग शिकवतो आहे, आणि जलरंगाच्या पेटीतला पांढरा वापरायचा नाही, हा तिथला पहिला धडा असतो. पांढरे हवे असेल तिथे कागद राखायचा. बगळा काढायचा तर बगळ्याभोवतीचे पाणी रंगवायचे आणि बगळा मोकळा सोडायचा. म्हणून पांढऱ्याचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. मागाहून बघून घेण्याची सोयच नाही. आणि तो मोकळा सोडलेला बगळासुद्धा कोरा नसतो. पोटाखाली निळसर सावली असते, मानेच्या वळणावर किंचित करडी छटा असते. तेवढ्याने तो बगळा होतो. नाहीतर कागदाला पडलेले भोक.

मराठीत पांढऱ्याला दोन जोड आहेत. एक पांढराशुभ्र, दुसरा पांढराफटक. धुतलेले धोतर शुभ्र असते. रक्त आटलेला चेहरा फटक असतो. ज्या कुणी हे दोन शब्द वेगळे ठेवले त्याला छायाचित्रणाचे अर्धे शास्त्र ठाऊक होते असे मी म्हणेन. शुभ्रात पोत असतो, वीण असते, घडी असते. फटकात काही नसते. आज आमच्याकडे जी छायाचित्रे निघतात त्यांतल्या बहुतेकांत शुभ्र मेले आहे आणि फटक माजला आहे. वारकऱ्याचा सदरा बघा, आजीचे पांढरे लुगडे बघा, नवरदेवाची शेरवानी बघा, दुपारचे आभाळ बघा. आकड्यांत बोलायचे तर तिथे २५५, २५५, २५५ असा आकडा बसलेला असतो. याच्या पुढचा आकडा नेहमीच्या जेपेग फाइलला माहीतच नाही. असे चित्र छापायला गेले की त्या जागी शाईचा एक ठिपकादेखील पडत नाही. आम्ही जलरंगवाले कागद राखतो. हे लोक कागद उघडा पाडतात.

हे का होते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण भांडणाचे मूळ तिथे आहे. कॅमेऱ्यातला सेन्सर म्हणजे पागोळ्यांखाली ओळीने मांडलेल्या लक्षावधी चिमुकल्या वाट्या. उजेड पडेल तसे वाटीत इलेक्ट्रॉन साठतात, आणि वाटीत किती साठले ते मोजून चित्र तयार होते. मोठ्या कॅमेऱ्याच्या एका वाटीत पन्नास हजारांच्या आसपास इलेक्ट्रॉन मावतात. फोनच्या वाट्या त्याहून कितीतरी लहान. वाटी अर्धी भरली, पाव भरली, तळाशी चार थेंब साचले, हे सगळे मोजता येते. पण वाटी काठोकाठ भरून वाहू लागली की तीवर एक तांब्या पाणी जास्त पडले की दहा घागरी, हे जगातला कोणताही हिशेबनीस सांगू शकत नाही. वाहून गेलेल्या पाण्याची नोंद नसते. बेल प्रयोगशाळेतल्या विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली या जातीचा पहिला सेन्सर कल्पिला, त्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेल मिळाले. आजचे बहुतेक सेन्सर निराळ्या जातीचे आहेत. पण वाटीचा न्याय तेव्हा होता तोच आज आहे.

फिल्मचे तसे नव्हते. हर्टर आणि ड्रिफील्ड या जोडीने १८९० साली फिल्मवर, तेव्हा काचेवर, पडणारा उजेड आणि उमटणारा काळेपणा यांचा आलेख मांडला. त्या आलेखाला वरच्या टोकाशी खांदा आहे. उजेड वाढत गेला की निगेटिव्ह हळूहळू थकते, एकदम मरत नाही. म्हणून निगेटिव्हच्या काळातल्या उस्तादांची शिकवण अशी की, सावलीकडे बघून एक्स्पोजर द्या, उजेडाचे धुताना सांभाळू; आणि शंका आली तर थोडे जास्तच द्या. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास या शिकवणीला शास्त्राचे रूप दिले. शिकवण खरी होती. पण ती निगेटिव्हची शिकवण होती. स्लाइडच्या फिल्मवर काम करणारे तेव्हाही उलट सांगत: उजेड आधी सांभाळा. डिजिटल कॅमेरा या बाबतीत निगेटिव्हच्या कुळातला नाही, स्लाइडच्या कुळातला आहे. किंबहुना तिच्याहून कडक आहे, कारण याला खांदाच नाही, सरळ कडा आहे. आमच्या गावोगावच्या स्टुडिओंनी यंत्र बदलले, पण जुनी शिकवण तशीच पुढे चालवली. ‘थोडे जास्त दिले तर बिघडत नाही’ हे वाक्य बापाकडून मुलाकडे आले, आणि मुलाच्या यंत्रात नेमके तेच बिघडते.

इथवरची चूक अज्ञानाची आहे आणि अज्ञान क्षम्य असते. माझा राग आहे तो पुढच्या गोष्टीवर.

एक साधा हिशेब करू. कॅमेऱ्याचा मीटर जगाकडे एकाच भावनेने बघतो: समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम करडे असणार. हा करडा म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारा. पांढरा धुतलेला सदरा ८५ टक्क्यांच्या आसपास परत पाठवतो. सावळ्या कातडीचा आकडा माणसागणिक बदलतो. हिशेबापुरता तो ९ धरू. आणि १०० म्हणजे वाटीचा काठ. आता एकाच उन्हात उभा असलेला, पांढऱ्या सदऱ्यातला सावळा मुलगा घ्या. मीटर चेहऱ्यावर धरला तर यंत्र म्हणणार, हा तर फार काळा, याला मध्यम करडा करू. ९चे १८ करू. म्हणजे उजेड दुप्पट. चेहरा ‘उजळ’ झाला खरा, पण त्याच घटकेला सदऱ्याचे ८५चे १७० झाले. काठ १००वर आहे. सदरा वाहून गेला. त्यावरची चुणी गेली, खिशाची शिवण गेली, आईने रात्री तांब्याने केलेली इस्त्री गेली.

आता उलट बघा. चेहरा ९वर आहे तिथे राहू दिला, तर सदराही ८५वर, म्हणजे वाटीच्या आत, सुखरूप राहतो. ९पासून ८५पर्यंत जायला किती दुपटी लागतात? अठरा, छत्तीस, बहात्तर, आणि वर थोडे. छायाचित्रकारांच्या भाषेत सव्वातीन स्टॉप. आजचा बरा कॅमेरा अकरा-बारा स्टॉपांचे अंतर सहज पोटात घेतो. म्हणजे सावळा चेहरा आणि पांढरा सदरा एका चित्रात मावत नाहीत ही तक्रार शुद्ध बहाणा आहे. मावतात. ऐसपैस मावतात. मावत नाही ते एवढेच की, सावळा चेहरा गोरा दिसावा आणि तरीही सदरा शुभ्र राहावा. उजेडाच्या गणितात त्या हट्टाला जागा नाही, आणि हट्ट सोडायचा नाही, म्हणून सदऱ्याचा बळी दिला जातो.

ज्याला आपण तांत्रिक दोष म्हणतो त्यातला मोठा भाग हा असा आमच्या मनातून यंत्रात उतरलेला आहे. वधू-वर सूचक जाहिरातींतला ‘गोरी, सुस्वरूप’ हा शब्द कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या अधिक-उण्याच्या बटणावर जाऊन बसला आहे. गोरेपणाच्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातला ‘फेअर’ २०२० साली पुसला गेला, वर्तमानपत्रांनी त्याचे अग्रलेख लिहिले; फोनमधले चेहरा उजळणारे कलम मात्र कुणाला न विचारता आपोआप चालू असते, त्यावर कुणी अग्रलेख लिहिला नाही. वधूच्या चित्रात तर नाक दिसेनासे होईपर्यंत उजेड चढवतात. दोन डोळे, दोन ओठ आणि एक नथ, मध्ये सपाट मैदान. आणि हा अल्बम चाळीस-पन्नास हजार मोजून घ्यायचा!

या बाबतीत आपला इतिहास मोठा गमतीचा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या काचांना फक्त निळा उजेड कळत असे. तांबडा कळत नसे. म्हणून लाला दीनदयाळांच्या काळातल्या चित्रांत आभाळ कोरे येते आणि आपल्याकडची तांबूस-सावळी कातडी होती त्याहून काळी येते. पणजोबांचे फोटो पाहून आपण म्हणतो, ‘किती काळे होते हो!’ ते इतके काळे नव्हते; काच तांबड्याला आंधळी होती. पुढे रंगीत फिल्म आली तेव्हा ती गोऱ्या बाईच्या चित्रावरून जुळवली जाई. कोडॅकच्या कारखान्यातून प्रयोगशाळांना पाठवल्या जाणाऱ्या त्या चित्रांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. काळ्या माणसांचे चेहरे त्या फिल्मवर चिखलासारखे येत, ही ओरड जुनी होती. पण कॅनडातल्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली लिहिलेल्या निबंधात नोंदवले आहे की, कंपनीने गडद तपकिरी छटांकडे लक्ष दिले ते चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी सामानवाल्यांनी तक्रार केली तेव्हा. माणसांना जो न्याय मिळाला नाही तो चॉकलेटला मिळाला, आणि चॉकलेटच्या पाठीवर बसून माणसांपर्यंत आला. असो. मुद्दा असा की, आधी यंत्राने आम्हांला काळे केले, आता यंत्र आम्हांला पांढरे करते आहे, आणि आम्ही आहोत तसे दिसण्याची पाळी काही अजून येत नाही.

‘‘गिऱ्हाईक मागते, आम्ही देतो,’’ हे यावरचे ठरलेले उत्तर. गिऱ्हाईक चेहरा उजळ मागते हे खरे आहे. पण सदरा जाळून टाका असे कोणत्याही गिऱ्हाइकाने कधी सांगितलेले नाही. चेहरा उठून दिसावा असे वाटत असेल तर त्याला वेगळा उपाय आहे, आणि तो फुकट आहे. माणसाला उन्हातून काढून सावलीच्या कडेला उभे करा. चेहऱ्याच्या बाजूला एक पांढरी चादर धरा. तिच्यावरून परतलेला उजेड चेहऱ्यावर पडेल. सुब्रत मित्रांनी ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले तेव्हा वर पांढरे कापड ताणून, त्यावरून परतवलेल्या उजेडात चित्रण केले. ती गोष्ट १९५६ची आहे. आज हातात त्याहून शतपट सोयीची यंत्रे असताना आमच्या माणसाला एक चादर धरायचा कंटाळा येतो, आणि तो सगळ्या चित्राचाच उजेड दुप्पट करून मोकळा होतो. दुसरा उपाय: सदरा सांभाळून घ्या आणि मागाहून, होय मागाहूनच, संगणकावर चेहरा तेवढा हलक्या हाताने उचला. सावलीतून वर उचललेल्या जागी बारीक रवाळपणा येतो हे मला माहीत आहे. अगदी एका स्टॉपने उचलले तर तो भिंग लावून शोधावा लागतो. जळालेला सदरा शोधायला भिंग लागत नाही.

आता जाणते म्हणवणाऱ्यांकडे वळतो. हे लोक कॅमेऱ्याच्या पाठीवरचा आलेख बघतात, हिस्टोग्राम. त्याचा डोंगर उजव्या भिंतीला टेकला नाही म्हणजे सुटलो असे समजतात. निम्म्यांदा ते फसलेले असतात. वाट्या तीन रंगांच्या असतात, तांबड्या, हिरव्या आणि निळ्या. आणि उजळपणाचा जो एकच आलेख बहुतेकजण बघतात त्यात वजन मुख्यतः हिरव्याचे असते. दसऱ्याला झेंडूचे तोरण टिपा. केशरी झेंडूत तांबडी वाटी ओसंडून वाहत असते, हिरवी निम्म्यावर असते आणि निळी जवळजवळ कोरडी. एकत्र आलेख म्हणतो, सर्व क्षेम. घरी येऊन पाहावे तर पाकळ्या नाहीत, केशरी चिखलाचा गोळा आहे. आणखी उजेड चढवलात तर तांबडे काठावर अडकलेले, हिरवे मात्र वाढत राहिलेले. म्हणजे केशरी झेंडू तुमच्या डोळ्यांदेखत पिवळा होतो. सावळ्या कपाळावर घामाची चकाकी आली की तिथेही हीच तऱ्हा: आधी तांबडे वाहते, मग पिवळट डाग, मग पांढरा. सोमवती अमावस्येला जेजुरीला जाऊन आलेल्यांची शेकडो चित्रे दर वेळी दिसतात. भंडाऱ्याचा ढग दुपारच्या उन्हात उधळलेला. तांबडी वाटी भरलेली, हिरवी भरलेली. हळदीची पूड हवेत तरंगते आहे, तिला दाट-विरळ आहे, कड आहे, आतून उन्हाची तिरीप गेली आहे, यातले काही नाही. पिवळे पोतेरे. त्या गर्दीत धक्के खाऊन, लेन्स हळदीने भरवून घेऊन, शेवटी पोतेरे आणायचे! एका रंगाचा आलेख सोडून तीन रंगांचे वेगळाले आलेख दाखवणारी कळ बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत असते. ती दाबायला क्षणभर लागतो. शिवाय जळलेल्या जागा लुकलुकवून दाखवण्याची सोय असते, ती तर शाळकरी पोरालाही कळते.

रॉ फाइलचे भक्त यावर हसतील. आमच्याकडे रॉ आहे, आम्ही ओढून आणू. रॉ फाइल चांगली आहे. तिच्यात पडद्यावरच्या आलेखाला न दिसलेला अर्धा-एक स्टॉप कधी कधी शिल्लक सापडतो, कारण तो आलेख जेपेगवरून काढलेला असतो. एखाद्या जागी तिन्हींपैकी एकच वाटी वाहिली असेल तर उरलेल्या दोघींच्या साक्षीवरून संगणक तिसरीचा अंदाज करतो. तो अंदाज असतो, आणि कपाळाच्या कातडीवर केला की तिथे राखेचा लेप दिल्यासारखे दिसते. तिन्ही वाट्या वाहिल्या असतील तर साक्षीदारच नाही.

आणि साक्षीदार नसला की हल्ली जे केले जाते, त्याला मी खोटी साक्ष म्हणतो.

कोजागरीचे उदाहरण घेऊ. गच्चीवर दुधाचे पातेले, वर चंद्र. चंद्र म्हणजे वस्तुतः काळपट दगड आहे. अंगावर पडलेल्या उन्हापैकी तो सुमारे १२ टक्केच परत पाठवतो, म्हणजे आपल्या मघाच्या मुलाच्या चेहऱ्यापेक्षा फार उजळ नव्हे. पण त्याच्यावर ऊन पडले आहे आणि गच्चीवर रात्र आहे. चंद्राला एफ ११ आणि शंभराच्या आयएसओला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. गच्चीला त्याच्या कित्येक हजार पट हवे. एका टिपणात दोन्ही मावत नाहीत, हे इथे खरे आहे, बहाणा नाही. म्हणून चंद्र पांढरी टिकली होतो. होऊ द्या. ती टिकली खरी आहे. पण मार्च २०२३मध्ये एका हौशी माणसाने मुद्दाम धूसर करून तपशील पुसलेला चंद्र संगणकाच्या पडद्यावर लावला, अंधाऱ्या खोलीत लांबून एका नामांकित कंपनीच्या फोनने टिपला, आणि फोनने त्यात खड्डे, डाग, सगळे भरून दिले. जे समोर नव्हते ते चित्रात आले. कंपनीने खुलासा केला की, दृश्य ओळखून तपशील ‘सुधारण्याची’ ती सोय आहे. चंद्राच्या बाबतीत यात कुणाचे नुकसान नाही असे म्हणता येईल. चंद्र सर्वांना एकच आहे आणि त्याचे खड्डे सर्वांना पाठ आहेत.

माणसाचे खड्डे कुणाला पाठ असतात?

आमच्याकडे माणूस गेला की फोटो शोधतात. शेतकऱ्या-कष्टकऱ्याच्या घरी वेगळा काढलेला फोटो बहुधा नसतोच. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून मोठा करतात. मांडवाबाहेरचे दुपारचे ऊन, डोक्यावर पांढरी टोपी, मागे पांढरे आभाळ. टोपी आणि आभाळ एक झालेले असते. पूर्वी स्टुडिओतला कारागीर तिथे ब्रशाने नवी टोपी बसवी, ती ओळखू येई. नातू म्हणे, ही टोपी आज्याची नाही. आता २०२३पासून बाजारात आलेल्या ‘जागा भरून देणाऱ्या’ संगणकीय युक्त्या टोपी तर भरतातच, पण टोपीखालचे जळालेले कपाळही भरतात. दुनियेतल्या असंख्य कपाळांवरून बेतलेले एक कपाळ. त्यावर सुरकुत्या असतात, त्या पटण्यासारख्या असतात, फक्त त्या माणसाच्या नसतात. बैलाच्या शिंगाची खूण असेल तर ती येत नाही. गोंदण असेल तर ते येत नाही. वर्षभराने घरातल्यांना तेच कपाळ आठवू लागते. मी कादंबऱ्या लिहितो. नसलेल्या माणसांना कपाळे देणे हा माझा धंदा आहे आणि पुस्तकाच्या मलपृष्ठावर ‘कादंबरी’ असे छापून मी तो उघडपणे करतो. हार घातलेल्या फोटोखाली असे काही छापलेले नसते. तिथे जन्ममृत्यूच्या तारखा छापलेल्या असतात.

यावर कुणी इतिहास काढील. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५०च्या दशकात समुद्राच्या चित्रांना वेगळ्या काचेवर घेतलेली आभाळे जोडली होती, कारण त्याच्या काचेवर समुद्र आणि आभाळ एकदम उतरत नसे. होय, जोडली होती. पण ते आभाळ कुठले तरी खरे आभाळ होते, कुणी तरी त्याखाली उभे राहून टिपलेले. आणि समुद्राने ल ग्रेकडे आपला वारसदारांसाठी पुरावा मागितला नव्हता. देखावा रंगवणाऱ्याला मी मुभा देतो. वर्गाचा, लग्नाचा, मयताचा आणि बातमीचा फोटो यांना देत नाही. तिथे पांढरे जळाले असेल तर जळालेले ठेवा. त्या भोकात निदान प्रामाणिकपणा आहे.

सगळेच पांढरे राखावे असा माझा आग्रह आहे, असे मात्र कुणी समजू नये. सूर्य स्वतः, पाण्यावरची लखलख, घासलेल्या तांब्याच्या हंड्यावरचा एक ठिपका, यांनी जळलेच पाहिजे; ते करडे केले तर हंडा मातीचा दिसतो. पणतीच्या ज्योतीचा गाभा पांढरा गेला तर जाऊ द्या, पण ज्योतीची कड आणि टोक राहिले पाहिजे, नाहीतर पणतीत कापसाचा बोळा पेटवल्यासारखे दिसते. दिवाळीतली शंभरातली नव्वद चित्रे कापसाच्या बोळ्यांची असतात, कारण यंत्र काळोखाला मध्यम करडा करू बघते. दोन स्टॉप उणे करा. काळोख काळोख राहील आणि ज्योत ज्योत.

आणि उलट्या टोकाचेही आहेत. एक कमी, एक बेताचे, एक जास्त, अशी तीन टिपणे एकत्र करून ढगाच्या कडेपासून पलंगाखालच्या काळोखापर्यंत सगळे सारखे दाखवणारे. त्या चित्रांत दुपार दुपार राहत नाही, झाडांभोवती प्रभावळ येते, आणि सगळा मुलूख राखेत बुडवून काढल्यासारखा दिसतो. त्यांच्याशी भांडण्यात मी जागा घालवत नाही. ती फॅशन ओसरत चालली आहे. नोंद घेण्याजोगे एवढेच की, गूगलच्या माणसांनी २०१६ साली फोनमधल्या अशाच जुळणीची रीत शास्त्रीय निबंधात मांडली तेव्हा त्यांनी जास्तीचे टिपण घेतलेच नाही. सगळी टिपणे मुद्दाम कमी उजेडाची घेतली, की पांढरे कुठेच वाहू नये. आणि अनेक टिपणे एकावर एक रचून सावलीतला रवाळपणा घालवला. म्हणजे फोन बनवणाऱ्या इंजिनियरांना जे समजले ते लाख रुपयांचा कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडणाऱ्याला समजत नाही. फोन आधी पांढरे वाचवतो. मग त्याच्यावर गोरेपणाचे कलम लावून ते पुन्हा जाळतो, हा आपला करंटेपणा.

आमच्या शाळेपुरता मी आता हट्ट धरला आहे. दहावीच्या वर्गाचा फोटो दर वर्षी दुपारी बाराला, मैदानात, उन्हात निघतो. पोरांचे डोळे मिटलेले, सदरे आणि ओढण्या मिळून एक पांढरी भिंत, आणि भिंतीवर ओळीने ठेवलेली डोकी. यंदा तो सकाळी साडेसातला, इमारतीच्या सावलीत काढायचा असे मुख्याध्यापकांच्या गळी उतरवले आहे. छायाचित्रकाराला अटी तीन. सदऱ्यांवर लुकलुक दिसली की एक्स्पोजर उणे करायचे. चेहऱ्यांना गोरेपणाचे कोणतेही कलम लावायचे नाही. आणि मूळ फाइल शाळेत जमा करायची. दोघांनी ऐकूनच नकार दिला. तिसरा तयार आहे, पण चेहरे काळे आले म्हणून पालकांनी पैसे दिले नाहीत तर जबाबदारी शाळेची, असे त्याला लेखी हवे आहे. मुख्याध्यापक सही करायला कचरतात. मी करणार आहे.